जुन्या ट्रकचं दार: काच, फेल्ट आणि रबर घरच्या घरी कसं बसवायचं

मृग लागायच्या आत ट्रकची जी कामं उरकायची असतात, त्यात ताडपत्री, वायपर आणि टायर सगळ्यांना आठवतात. दाराची काच आणि रबर मात्र पहिला पाऊस मांडीवर गळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग रस्त्यात कुठंतरी गाडी लावून सिलिकॉनची नळी दाराच्या कडेनं फिरवली जाते, काच वर ढकलून तिच्याखाली लाकडाची पाचर ठोकली जाते आणि गाडी तशीच वर्षानुवर्षं चालते. ड्रायव्हर भिजतो, धूळ खातो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, जुनी गाडी आहे, चालायचंच. ते चालू देण्याची गरज नाही. हाताला थोडी सवय असलेल्या नवख्या माणसाला, एक जण मदतीला घेऊन, रंग आणि सोल्यूशन वाळायचा वेळ सोडला तर, एका दाराचं काम एका दिवसात नीट करता येतं.

इथं सांगतोय ते हँडल फिरवून काच वरखाली होते अशा दारांबद्दल. टाटा ४०७, १६१३, लेलँड कॉमेट आणि त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत दाराच्या आतली रचना थोड्याफार फरकानं सारखीच असते. बॉडीबिल्डरनं, म्हणजे ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारागिरानं, बांधलेल्या केबिनमध्ये काही वेळा काच वरखाली करणारी आतली मशीनच नसते, काच पुढंमागं सरकते. तुमच्याकडं तसं दार असेल तर मशीनचा भाग सोडून द्या, बाकीचं सगळं लागू पडतं.

आपल्याकडं पाण्यापेक्षा धूळ जास्त नुकसान करते. जालना, परभणी, बीडच्या आतल्या रस्त्यांवर काळ्या मातीची मैद्यासारखी बारीक धूळ उडते. ती काचेच्या दोन्ही बाजूंच्या फेल्टमध्ये, म्हणजे काच ज्यातून सरकते त्या मऊ अस्तरात, जाऊन बसते आणि काच वरखाली झाली की तिच्यावर उभे ओरखडे पाडते. त्यात ऊन रबराला भाजून काढतं, आणि उन्हाळ्यात तर ते चाळीसच्या वर जातं. म्हणून इथं रबर फाटायच्या आधी कडक होतं. दिसायला धड दिसतं, पण नख रुतवून बघितलं तर रुतत नाही. असं रबर पाणीही अडवत नाही आणि धूळही नाही. ऊसतोडीच्या हंगामात रात्री बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून गाडी काढणाऱ्याला विचारा, दाराच्या फटीतून येणारी थंडी किती तास अंगात राहते ते. खिडकीत पोतं कोंबून गाडी चालवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, आणि त्या पोत्यामुळं डावीकडचा आरसा दिसत नाही हेही पाहिलं आहे. ही सुखसोयीची नव्हे, सुरक्षिततेची दुरुस्ती आहे.

दारात पाणी जातंच

नवखा माणूस इथंच फसतो, म्हणून हे आधी समजून घ्या. काच वरखाली होण्यासाठी दाराच्या पत्र्यात वर एक लांब चीर असते. काचेच्या बाहेरच्या अंगाला लागून असलेली ओठाची पट्टी बरंचसं पाणी अडवते, पण थोडं पाणी काचेवरून निथळत दाराच्या पोटात उतरतंच. कंपनीनं ते गृहीत धरलेलं असतं. म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, आणि आतल्या पॅडच्या, म्हणजे दाराला केबिनच्या बाजूनं लावलेल्या आवरणाच्या, मागं एक प्लॅस्टिकचा पडदा लावलेला असतो. पाणी काचेवरून दारात, दारातून तळाच्या भोकांतून रस्त्यावर, असा त्याचा ठरलेला मार्ग आहे.

आता दोन गोष्टी बिघडतात. तळाची भोकं चिखलानं बुजतात, त्यामुळं पाणी दारात साचतं आणि पत्रा आतून सडतो. आणि कुणीतरी पॅड उघडताना तो पडदा फाडून फेकून देतो, त्यामुळं पाणी पॅडवरून थेट केबिनच्या फरशीवर येतं. माझ्या अनुभवात ‘दार गळतंय’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी पुष्कळांचं डोअर रबर, म्हणजे चौकटीच्या कडेनं फिरणारं रबर, ठीकच असतं, दुखणं या दोन ठिकाणी असतं. अशा दाराला बाहेरून सिलिकॉन मारलं की त्यात कधीकधी तळाची भोकंही बुजवली जातात. मग पाणी जाणार कुठं? ते लॉकपर्यंत चढतं.

तेव्हा सगळ्यात आधी सायकलच्या चाकाची एक जुनी आरी (स्पोक) घ्या, टोक थोडं वाकवा, दार उघडा आणि खाली वाकून तळाची कड बघा. साधारण दोन ते चार भोकं किंवा चिरा दिसतील, किंवा त्या जागी नुसता वाळलेला चिखल दिसेल. आरी आत घालून हळूहळू फिरवा. आधी कोरडी माती पडते, मग ओला काळा गाळ, आणि पावसाळ्यात असेल तर त्यामागून गंजाळ पाण्याची धार लागते. धार थांबेपर्यंत हात बाजूला घ्या. कधी कधी एवढ्यावरच गळती थांबते आणि एक पैसा खर्च होत नाही.

नेमकं कुठून येतंय ते शोधा

काही खोलायच्या आधी तीन तपासण्या करा.

पहिली कागदाची. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी दाराच्या चौकटीवर ठेवून दार बंद करा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत निघाली तर रबर दाबलं जातंय. सुळकन निघाली तर तिथं फट आहे. वीतभर अंतरानं सगळ्या कडेनं हे करत जा आणि फट असेल तिथं खडूनं खूण करा.

दुसरी दाराच्या लोंबण्याची. दार अर्धं उघडा, हँडलच्या बाजूची खालची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला. दार खटकन वर येऊन परत बसत असेल तर बिजागरीच्या पिना नाहीतर बुश झिजलेले आहेत. केबिनमध्ये चढताना दाराला लोंबकळायची सवय बहुतेकांना असते, त्यामुळं जुन्या गाडीत हे हमखास सापडतं. लोंबलेल्या दाराला कितीही महाग रबर लावा, लॉकच्या बाजूला वर फट राहणार आणि खाली रबर चिरडणार. म्हणून बिजागरी आधी, रबर शेवटी. हा क्रम मोडू नका.

तिसरी पाण्याची. मदतनीस आत बसवा, त्याच्या हातात बॅटरी द्या, फरशीवर कोरडं वर्तमानपत्र पसरा. बाहेरून साधा पाइप घेऊन कमी दाबानं पाणी सोडा. सुरुवात दाराच्या खालच्या कडेपासून करा, तिथं दोन-तीन मिनिटं थांबा, मग काचेच्या खालच्या रेषेवर, मग काचेच्या बाजूंवर आणि सगळ्यात शेवटी वर. उलट केलं तर वरून ओघळलेलं पाणी सगळीकडं दिसेल आणि काहीच कळणार नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप या कामाला वापरू नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

लागणारं सामान

दहा-अकरा, बारा-तेराचे पाने, चपटा आणि फुली असे दोन्ही पेचकस, पक्कड, एक ग्रिप पाना, हॅक्सॉ, तारेचा ब्रश, लाकडाचा एक ठोकळा आणि रबरी हातोडी. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, काचेचं काम आहे. याशिवाय रेड ऑक्साइड, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, रबर चिकटवायचं सोल्यूशन, काळी ब्युटाइल टेप, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतं ते जाड पॉलिथिन, आणि पंक्चरवाल्याकडची ट्यूबला लावायची पांढरी पावडर मूठभर.

रबर आणि फेल्ट आणायला जाताना जुन्याचा चार बोटं लांबीचा तुकडा कापून सोबत न्या. नुसतं ‘४०७ चं डोअर रबर द्या’ म्हणालात तर दुकानदार त्याच्याकडं असेल ते देईल, आणि त्याची पकड तुमच्या पत्र्याच्या जाडीला बसेलच असं नाही. कापलेल्या टोकाचा आकार जुन्याशी जुळवून बघा. नवं रबर पूर्ण दुमडून धरा, घडीवर पांढरी रेघ किंवा बारीक भेगा दिसल्या तर परत करा. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मिळत असेल तर तेच घ्या, ऊन आणि हवा सोसण्यात ते साध्या रबरापेक्षा फार पुढं आहे. लांबी सुतळीनं मोजा, पत्र्याच्या कडेकडेनं कोपरे धरून, आणि वर दोन-तीन इंच जास्त घ्या.

पॅड आणि मशीन खोलणं

काच पूर्ण वर करा. फिरवायचं हँडल कशानं धरलंय ते बघा. काहींना मधोमध टोपीखाली स्क्रू असतो, काहींना आरपार पिन असते जी बारीक खिळ्यानं ठोकून निघते, आणि काहींना हँडलच्या मागं नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. क्लिपवाल्या हँडलला पेचकसानं उचकटू नका, पॅड फाटतं. एक फडकं हँडल आणि पॅडच्या मधे घालून, चप्पल पुसल्यासारखं नव्हे तर ताणून, दोन्ही हातांनी डावीउजवीकडं ओढत राहा. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप उडून बाहेर येते. कुठं उडतेय त्यावर मदतनीसानं नजर ठेवायची.

मग हाताचा टेका, लॉकचं आतलं हँडल आणि पॅडचे स्क्रू. पॅड पुठ्ठ्याचं असेल आणि खालून भिजून फुगलं असेल तर ते परत लावू नका. तीन मिलिमीटरच्या प्लायवर जुन्याच्या मापानं नवं कापा, कडांना दोन हात ऑइल पेंट मारा. मागं प्लॅस्टिकचा पडदा शाबूत असेल तर तो अलगद सोडवून ठेवा, मापाला कामी येतो.

आता दाराचं पोट उघडं पडलं. आतला कचरा काढा. आधी कधी काच फुटलेली असेल तर तिचे दाणे तळात हमखास सापडतात, तेच भोकं बुजवतात आणि तेच खडखडतात. ओलं फडकं फिरवून एकेक दाणा काढा. गंज तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. पत्रा बोटानं दाबल्यावर आत जात असेल तर मात्र पॅच मारून घ्यावा लागेल. सडक्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला तर एका पावसाळ्यात लांबी पापुद्र्यासारखी सुटते.

काच उतरवायची ती अशी. हँडल तात्पुरतं लावून काच खाली आणा, मशीनचा रोलर ज्या पट्टीत फिरतो ती पट्टी दाराच्या आतल्या भोकातून दिसेपर्यंत. मदतनीसानं दोन्ही तळवे काचेला लावून ती धरून ठेवायची. रोलर पट्टीच्या टोकाकडून बाहेर सरकवा. काही दारांत पट्टीचे दोन बोल्ट सोडावे लागतात. काच सुटली की तिची पुढची बाजू खाली कलती करा आणि वर बाहेर ओढून घ्या. अडली तर जोर लावू नका, काच ज्या खोबणीत सरकते त्या पुढच्या उभ्या चॅनलचा बोल्ट सैल करा, जागा होते. काच गादीवर किंवा पोत्यांच्या घडीवर ठेवा, सिमेंटवर कडेनं उभी करू नका. टफन काच (तापवून कडक केलेली सुरक्षा काच) मधे बराच दाब सोसते, पण तिच्या कडेला लोखंडाचा किंवा दगडाचा बारीक टोला बसला की अख्खी काच दाणे दाणे होऊन खाली येते.

मशीन जड फिरत असेल किंवा काच आपोआप खाली घसरत असेल तर मशीनही काढा. इथं सावध राहा. काचेचं वजन तोलायला मशीनच्या दातेरी पात्यामागं एक गुंडाळीची स्प्रिंग असते. काच उतरवल्यावर ती स्प्रिंग ताणलेलीच असते, आणि बोल्ट सोडल्याबरोबर पातं झटक्यात फिरतं. त्या दोन पात्यांच्या मधे बोट सापडलं तर तुटण्याइतकी ताकद त्यात असते. म्हणून बोल्टला हात लावायच्या आधी दातेरी पातं आणि मागची पाटी ग्रिप पान्यानं एकत्र आवळून टाका, आणि मशीन परत बसेपर्यंत तो पाना काढू नका. मशीन घासलेटनं धुऊन, वाळवून, दातांना आणि रोलरला ग्रीस लावा. दात एका जागी झिजून सपाट झाले असतील किंवा रोलर तुटला असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता मशीन नवं घ्या. वेल्डिंगनं भरलेले दात फार दिवस टिकत नाहीत.

काचेच्या खालची पट्टी

काच वाकडी चढते, एका बाजूला अडते, याचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं. काचेच्या खालच्या कडेला लोखंडी पन्हाळपट्टी रबराच्या पॅकिंगवर दाबून बसवलेली असते. पॅकिंग कुजलं की पट्टी हलते, आणि पट्टीत गंज फुगला की तो काचेला तडा देतो.

पट्टी काढण्याआधी तिची दोन्ही टोकं काचेवर कुठं येतात तिथं मार्करनं खूण करा. ही खूण करायची राहून गेली तर काच परत बसवल्यावर एका बाजूला ओढणार आणि तुम्ही दिवसभर चॅनलला दोष देत बसणार. साबणाचं पाणी सोडून, लाकडाच्या ठोकळ्यानं टोकाकडून हळूहळू ठोकत पट्टी सोडवा. गंज घासा, रंग द्या, पूर्ण वाळवा. नवं पॅकिंग एक ते दीड मिलिमीटर जाडीचं, काचेच्या कडेवर घडी घालून ठेवा, साबणाचं पाणी लावा आणि खुणेवर पट्टी बसवून रबरी हातोडीनं मधून दोन्ही टोकांकडं ठोकत जा. पट्टी सहज सरकून बसली तर पॅकिंग पातळ आहे, जाड घ्या. ती घट्टच बसायला हवी.

काच नवी घ्यायची वेळ आली तर साध्या काचेच्या दुकानातून खिडकीची काच कापून आणू नका. स्वस्त पडते, आणि अपघातात तिचे सुरे होतात. गाडीला टफन किंवा लॅमिनेटेड सुरक्षा काचच लावायची असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. टफन काच तयार झाल्यावर कापता किंवा घासता येत नाही, म्हणून माप आधीच पक्कं हवं. जुनी काच फुटून गेली असेल तर दुसऱ्या बाजूच्या दाराची काच पुठ्ठ्यावर ठेवून आखा, उलटी करा आणि तो पुठ्ठा दुकानात न्या. त्याच नियमात बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असं आहे. बाजारात मिळणारी काळी फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली मनाई केली आहे. ऊन लागतं म्हणून ती लावायचा मोह होतो, पण रात्री घाटात डावीकडचं काही दिसत नाही.

फेल्ट चॅनल

काच ज्या खोबणीत फिरते ते हे चॅनल, आणि आपल्याकडच्या धुळीत सगळ्यात आधी हेच जातं. जुनं ओढून काढा, मागची लोखंडी खोबण ब्रशनं साफ करा. नव्या चॅनलला कोपऱ्यात वळवताना दोन्ही बाजूंच्या भिंतींना व्ही आकाराची खाच द्या, मागचा कणा अखंड ठेवा, मग वळवा. कणाच कापला तर बरोबर त्या कोपऱ्यातून पाणी येतं. चॅनल ताणून बसवू नका. ताणलेलं फेल्ट उन्हात आकसतं आणि कोपरा सोडतं. वरच्या कोपऱ्यात आधी बसवा, मग वरची आडवी बाजू, मग दोन्ही उभ्या बाजू वरून खाली. स्क्रूवालं असेल तर स्क्रूचं डोकं फेल्टच्या आत बुडालंय ना हे बोट फिरवून बघा. वर राहिलेलं एक डोकं काचेवर कायमची रेघ मारतं. सोल्यूशन फक्त टोकांना, बोटभर.

फेल्टला ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल काहीही लावायचं नाही. काच हलकी फिरावी म्हणून बरेच जण लावतात, आणि पहिले आठ दिवस ती खरंच हलकी फिरते. मग त्या तेलावर धूळ बसून तिची लांबी तयार होते आणि काच पूर्वीपेक्षा जड होते. तेलानं रबर फुगतं, मऊ होतं, ते वेगळंच. सिलिकॉन स्प्रेचा एक हलका हात किंवा ती पांढरी पावडर, एवढंच.

काच चढवण्याआधी बाहेरची आणि आतली ओठाची पट्टी बसवून घ्या. क्लिपा गेल्या असतील तर पॉप रिव्हेट चालतात, मात्र ड्रिल मारताना काच दारात नसावी. ओठ काचेला सगळ्या लांबीत टेकला पाहिजे. टेकत नसेल तर पत्र्याची कड बाहेर वाकलेली असते. लाकडाचा ठोकळा धरून ती हलकेच आत घ्या.

काच उलट्या क्रमानं बसवा. पुढच्या उभ्या चॅनलचा आणि मशीनचे बोल्ट आधी हातानंच आवळा. काच पूर्ण वर करा, ती वरच्या चॅनलमध्ये दोन्ही कोपऱ्यांत सारखी बसली की मग पान्यानं आवळा, खाली-वर करून पुन्हा तपासा. हा वरच्या जागेवर आवळण्याचा नियम पाळला तर निम्मे त्रास होतच नाहीत.

पुढच्या तिकोनी काचेचं रबर साच्यातलं येतं. ते तुकडे जोडून बनवू नका, तयारच घ्या, आणि बसवताना साबणाचं पाणी लावा. तिच्या खालच्या खुंटीवरचं स्प्रिंगवालं नट थोडं आवळलं की वाऱ्यानं ती आपोआप उघडत नाही.

पडदा

पॉलिथिन जुन्या पडद्याच्या किंवा पॅडच्या मापानं, चहूकडून दोन बोटं मोठं कापा. हँडल आणि लॉकसाठी छोट्या चिरा द्या, मोठी भोकं नकोत. ब्युटाइल टेपनं वरची आणि दोन्ही बाजूंची कड पत्र्याला चिकटवा. खालची कड मात्र दाराच्या आत, पत्र्याच्या चिरेतून पोटात सोडा. पडद्यावरून ओघळलेलं पाणी तिथून तळाच्या भोकांकडं गेलं पाहिजे. खालची कड बाहेर चिकटवली तर सगळं पाणी पॅडमागं साचतं आणि पडदा असून नसल्यासारखा होतो. मग पॅड आणि हँडल लावून टाका.

बिजागरी, मग डोअर रबर

दार लोंबत असेल तर पिना आणि बुश बदला. खालून जॅक आणि लाकडी फळी देऊन दाराचं वजन पेलून धरा, एका वेळी एकच बिजागरी खोला. दार सरळ झाल्यावर चौकटीवरच्या खटक्याची, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं त्याची, जागा बघा. त्याच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा, स्क्रू सैल करा, एक-दोन मिलिमीटर हलवून बघा. रेघ असली की फसलं तरी मूळ जागेवर परत येता येतं.

जुनं रबर ओढून काढा, राहिलेलं सोल्यूशन खरवडा. पुसायला स्पिरिट वापरा. थिनर नको, तो जुना रंगच विरघळवतो. पत्र्याची कड वाकडीतिकडी असेल तर पकडीनं सरळ करा, गंज असेल तर रंग द्या आणि वाळू द्या.

दाबून बसणारं पकडीचं रबर असेल तर सुरुवात खालच्या आडव्या बाजूच्या मध्यापासून करा, म्हणजे जोड खाली येतो. जोड वर ठेवला तर छपरावरून येणारं पाणी थेट त्यात. तळव्यानं दाबत जा, रबरी हातोडीनं टेकवत जा, कोपऱ्यात रबर थोडं जास्तच भरा. नवखे नेमकं उलटं करतात, कोपऱ्यात ताणतात. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांना किंचित दाबून भिडतील एवढं ठेवून कापा आणि जोडाला सोल्यूशन लावा.

चिकटवायचं रबर असेल तर सोल्यूशन पत्र्याला आणि रबराला, दोन्हीकडं पातळ लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही अशी वेळ आली की दाबा. ओलं असताना दाबलेलं रबर सरकतं. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे काम करू नका, सोल्यूशन पसरेपर्यंतच वाळतं. मे महिन्यात करत असाल तर सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

नवं रबर लावल्यावर दार एका झटक्यात बंद होत नाही. घाबरून खटका बाहेर सरकवू नका, आणि दार आपटूही नका. काच दोन बोटं खाली ठेवून दार बंद करा, हवेला वाट मिळते आणि दार बसतं. रात्रभर बंद ठेवा. आठवडाभरात रबर दबून आपली जागा घेतं. त्यानंतरही जोर लागत असेल तरच खटका एक मिलिमीटर बाहेर घ्या.

सोल्यूशन वाळायला एक दिवस द्या आणि मग कागदाची आणि पाण्याची तपासणी पुन्हा, त्याच क्रमानं. खडूच्या खुणा जिथं होत्या तिथं विशेष लक्ष द्या. या वेळी दाराच्या तळाच्या भोकांतून पाणी टपकताना दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल आणि आतही कोरडं असेल तर खूश होऊ नका, पाणी दारात साचतंय. आरी पुन्हा हातात घ्या. धुळीची तपासणी गाडीच करून देते. एखादी कच्च्या रस्त्याची फेरी झाली की दार उघडून चौकट बघा. रबराच्या आतल्या बाजूला मातीची रेघ उमटली असेल तर बरोबर त्या जागी दाब कमी पडतोय. तिथं रबराच्या पकडीखाली पातळ रबराची पट्टी सारली की भागतं.

पंधरा दिवसांनी पॅडचे, मशीनचे आणि खटक्याचे स्क्रू एकदा आवळून घ्या, खडबडीत रस्त्यानं ते सैल होतातच. पावसाळ्यात महिन्याला एकदा तळाच्या भोकांतून आरी फिरवा. गाडी धुताना रबरावर डिझेलचं फडकं फिरवायची सवय क्लीनरला असते, ती मोडा. साध्या पाण्यानं पुसून, वाळवून पावडरचा हात द्यायला सांगा. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार असं एक पावसाळा कोरडं निघालं की मग क्लीनरच्या बाजूच्या दाराला हात घाला. त्या दारातून तो दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो, तिथली बिजागरी बहुतेक जास्तच गेलेली असेल. पिना आणि बुश आधीच आणून ठेवा.